कार्यालयीन टपाल-सॉफ्टवेअरचे नियमन आणि पत्राची संहिता

युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेची ‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.’ ही कथा १९४१ साली प्रसिद्ध झाली. घरच्यांशी भांडण झाल्यावर आपले चंबूगबाळे उचलून गावच्या टपाल कचेरीतच बिऱ्हाड थाटणाऱ्या पोस्टमास्तरीणबाईंची ती कहाणी. पुढे १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर हे संगणकतज्ज्ञ ई-मेल लिहिण्यावाचण्याचे एक सॉफ्टवेअर तयार करीत होते. पत्रांच्या राशीत काम करता करता आपणही टपाल कचेरीतच राहायला आलो आहोत असे त्यांना वाटू लागले आणि या कथेच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरचे नाव ‘युडोरा’ ठेवले. क्वालकॉम कंपनीने ते पुढे आपल्याकडे घेतले आणि १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांतील विद्यापीठांत ते रुळले. साहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारी ही हकीकत एवढ्यावर थांबली असती तर बरे झाले असते. परंतु एका कथालेखिकेचे नाव मिरवणाऱ्या या सॉफ्टवेअरला युनिकोडमधील मजकूर नीट हाताळणे अखेरपर्यंत साधले नाही. ज्या संस्थेने आपल्या प्राध्यापकांसाठी युडोरा हेच मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर ठरवले, तेथील मराठी, हिंदी वा बंगाली शिकवणाऱ्याला आपल्या भाषेच्या लिपीत पत्र लिहिण्याची वाट त्या निर्णयानेच जवळजवळ बंद झाली. तसे ठरवणाऱ्याच्या मनात भाषेचा विचार असण्याचे काही कारण नव्हते.

कर्मचाऱ्याने कामाच्या ठिकाणी कोणते ई-मेल सॉफ्टवेअर वापरावे आणि कोणते वापरू नये, हा प्रश्न सर्वसाधारणपणे संगणक विभागावर सोपवला जातो. तो खर्चाचा, सुरक्षेचा आणि देखभालीचा प्रश्न मानला जातो; तसा तो आहेही. पण पत्र कोणत्या लिपीत लिहिता येईल, ते कोणत्या रूपात साठवले जाईल आणि पंचवीस वर्षांनी ते कोणाला वाचता येईल, या तीन गोष्टीही त्याच निर्णयात ठरून जातात. तौलनिक साहित्याभ्यासात लेखक-अनुवादक, संपादक-लेखक, विद्यापीठ-प्रकाशक यांच्या पत्रव्यवहाराला पुराव्याचे मोल आहे. मराठीपुरते बोलायचे तर निव्वळ लेखनावर उदरनिर्वाह करणारे लेखक थोडे. बहुतेकांनी महाविद्यालयात, बँकेत, आकाशवाणीवर, शासकीय खात्यात वा जाहिरात संस्थेत नोकरी करीत लिहिले. जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रे आज ग्रंथरूपाने वाचता येतात, कारण ती कागदावर होती आणि ज्यांना लिहिली त्यांनी ती जपली. कार्यालयीन पत्त्यावरून लिहिणाऱ्या पुढच्या पिढीच्या पत्रांचे काय होते, हे समजून घ्यायचे तर कार्यालयातील या नियमनाचे स्वरूप प्रथम पाहावे लागते.

ई-मेलच्या व्यवहारात तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. पहिली गोष्ट पत्ता, म्हणजे अमुक नावाने अमुक संस्थेत पत्र यावे ही सोय. दुसरी सर्व्हर, म्हणजे पत्रे येऊन पडण्याचे, त्यांची वर्गवारी होण्याचे आणि पुढे धाडली जाण्याचे ठिकाण. ही खरी टपाल कचेरी. तिसरी गोष्ट म्हणजे कर्मचाऱ्याच्या टेबलावरील संगणकात किंवा हातातील फोनमध्ये असलेले, पत्र लिहिण्याचे आणि वाचण्याचे सॉफ्टवेअर. युडोरा, पाइन, आउटलुक, लोटस नोट्स, थंडरबर्ड ही या तिसऱ्या प्रकारातील नावे. पत्ता तोच राहून सॉफ्टवेअर बदलू शकते. सॉफ्टवेअर तेच राहून सर्व्हर बदलू शकतो. नियमन कशाचे करायचे याबद्दल शासकीय आदेशांतही अनेकदा जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ या सरमिसळीत आहे.

सर्व्हर आणि सॉफ्टवेअर यांच्यामधील देवाणघेवाणीच्या रीतीही समजून घेतल्या पाहिजेत. १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेली ‘पॉप’ ही रीत मूलतः पत्र उतरवून घेण्याची आहे. सॉफ्टवेअर सर्व्हरवरून पत्रे आपल्या संगणकावर आणते आणि नेहमीच्या मांडणीत सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेल्या ‘आयमॅप’ या रीतीत मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. टेबलावरचे सॉफ्टवेअर तिच्याकडे पाहण्याची खिडकी ठरते. तिसरी रीत वेबमेलची. तिच्यात वेगळ्या सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही, ब्राउझर पुरतो. पत्राची मूळ प्रत कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाचे उत्तर या तीन रीतींत वेगवेगळे आहे. पॉपच्या काळात ती कर्मचाऱ्याच्या संगणकात होती आणि संगणक मोडीत निघाला की तीही मोडीत निघे.

कार्यालयांनी सॉफ्टवेअरच्या निवडीत हस्तक्षेप का केला, याचे सर्वांत गाजलेले कारण साहित्यिकांना ऐकायला गमतीचे वाटेल. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेले आणि सोबत प्रेमपत्र जोडल्याचा दावा करणारे एक पत्र जगभर पसरू लागले. जोडलेली फाइल उघडताच ती संगणकातील इतर फाइली नासवी आणि आउटलुकच्या पत्तापुस्तकातील सर्वांना स्वतःच्या प्रती धाडी. ब्रिटिश पार्लमेंटला आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. त्याआधी मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ने असाच धुमाकूळ घातला होता, ती पहिल्या ५० पत्त्यांवर थांबे. या दोन्ही लागणींचा प्रसार एका विशिष्ट सॉफ्टवेअरमधून झाला. पाइन किंवा युडोरा वापरणाऱ्याकडे ते पत्र येई, पण त्याच्याकडून आपोआप पुढे जात नसे. यातून दोन परस्परविरुद्ध धडे घेतले गेले. काहींनी आउटलुक टाळावे असे म्हटले. बहुसंख्य मोठ्या कार्यालयांनी मात्र सर्वांकडे एकच सॉफ्टवेअर असावे, म्हणजे दुरुस्ती एकाच वेळी सर्वत्र करता येईल, अशी भूमिका घेतली. व्यवस्थापनाच्या अंगाने हा दुसरा मार्ग सोपा होता आणि तोच चालला.

दुसरे कारण परस्परांना पत्रे वाचता येण्याचे. आउटलुकमधून विशिष्ट मांडणीत पाठवलेले पत्र अन्य सॉफ्टवेअरमध्ये पोचले की सजावट आणि जोडपत्रे ‘विनमेल डॉट डॅट’ नावाच्या एका न उघडणाऱ्या गाठोड्यात गुंडाळलेली दिसत. अनेक प्राध्यापकांनी हे गाठोडे विषाणू समजून पुसून टाकले असेल. एका कार्यालयात एकच सॉफ्टवेअर असले तर आतल्या आत ही अडचण येत नाही. बाहेरच्या जगाशी मात्र ती कायम राहते.

तिसरे कारण अभिलेखांचे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत १९८० नंतरच्या दशकात आय.बी.एम. कंपनीचे ‘प्रॉफ्स’ हे कार्यालयीन टपाल-सॉफ्टवेअर वापरले जाई. १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण बाहेर आले तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या टिपणांचा मोठा भाग पुसला होता. तो सापडला तो संगणकाच्या राखीव फितींवर. रीगन प्रशासन पायउतार होताना या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून जानेवारी १९८९ मध्ये पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह ही संस्था न्यायालयात गेली. महत्त्वाची टिपणे छापून ठेवली की मूळ इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची गरज नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. पत्र कोणाकडून कोणाला, केव्हा गेले, ही माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात असते आणि छापील कागदावर ती उतरेलच असे नाही. म्हणून छापील प्रत आणि मूळ प्रत यांना एकच मानता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. पाठचिकित्सेची परंपरा जाणणाऱ्याला हे तत्त्व नवे वाटणार नाही. सुखटणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितातील मजकुराइतकेच त्याच्या लिपीला आणि प्रांतपरंपरेला महत्त्व दिले होते. येथे न्यायालय जवळजवळ तीच भाषा बोलले, असे म्हणता येईल. ई-मेलच्या माथ्यावरील ओळींतून ते कोणत्या सॉफ्टवेअरने लिहिले याची नोंदही बहुधा मिळते. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव असावे तशी.

कार्यालयाने पत्राच्या रूपावर सत्ता चालवणे ही काही संगणकयुगाची देणगी नव्हे. मराठी दप्तराच्या अभ्यासकांना ‘मेस्तक’ आणि ‘लेखनप्रशस्ती’ ही परंपरा ठाऊक आहे. कोणाला कोणता मायना लिहावा, कागदाला किती समास सोडावा, शेवटी मोर्तब कोठे करावे, म्हणजे त्यापुढे कोणाला मजकूर घुसडता येणार नाही, याचे दंडक ठरलेले होते. फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस हा वेगळा अधिकारी असे. म्हणजे कोणत्या लिपीचे पत्र कोणाच्या हातून जावे, हेही दरबार ठरवी. फरक इतकाच की ते दंडक भाषा आणि लिपी जाणणाऱ्यांनी केले होते. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्यांना दप्तराची शिस्त उपयोगी पडली. आजच्या कार्यालयातील शिस्त ज्यांनी लावली त्यांच्यासमोर पुढचा संपादक नव्हता.

नियमनाची साधने कोणती, हे थोडक्यात पाहिले तरी पुरे. प्रत्येकाच्या संगणकात काय बसवले आहे हे तपासत फिरणे अशक्य असते. म्हणून सत्ता चालवली जाते ती सर्व्हरच्या दारात. पॉप आणि आयमॅप ही दारेच बंद केली की वेबमेल आणि संस्थेने मान्य केलेले सॉफ्टवेअर एवढेच उरते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरच्या २०१० च्या आवृत्तीत फोनवरील सॉफ्टवेअरची ओळख पाहून त्याला आत घ्यावे, अडवावे की निर्णय होईपर्यंत ताटकळत ठेवावे, अशी तीन प्रकारची व्यवस्था आली. मात्र सॉफ्टवेअर आपली जी ओळख सांगते ती खोटीही असू शकते; नाव बदलून आत शिरणे कठीण नसते. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत निव्वळ नाव आणि परवलीचा शब्द देऊन प्रवेश करण्याची जुनी रीत टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तीवर अवलंबून असलेली कितीतरी जुनी सॉफ्टवेअर एकही बंदी-आदेश न निघता बाद झाली. बंदीचा हा प्रकार अधिक परिणामकारक आहे आणि कमी दृश्यही आहे.

युरोपीय संसदेचे २०१५ मधील उदाहरण याबाबतीत बोलके आहे. त्या वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आयफोन आणि अँड्रॉइड फोनसाठी आउटलुकचे नवे ॲप काढले. ते मुळात ‘अकॉम्प्ली’ या छोट्या कंपनीचे. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी नुकतीच विकत घेतली होती. हे ॲप वापरणाऱ्याचे परवलीचे शब्द आणि पत्रे संस्थेबाहेरच्या सर्व्हरवरून जातात, असे लक्षात आल्यावर संसदेच्या संगणक विभागाने सदस्य व कर्मचारी यांना ते वापरू नये असे कळवले आणि त्याचा प्रवेश अडवला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की नाव आउटलुकच होते आणि टेबलावरचे आउटलुक मान्यच होते. सॉफ्टवेअरच्या नावावरून यादी करणाऱ्याला या भेदाचा पत्ता लागला नसता. पत्र वाटेत कोठे थांबते, हे पाहणाऱ्याला तो लागला. २४ अधिकृत भाषांत काम चालवणाऱ्या या संसदेत अनुवादकांचा पत्रव्यवहार किती मोठा असेल याची कल्पना करता येते. त्यामुळे पत्राची प्रत कोणाकडे राहते हा प्रश्न तेथे निव्वळ तांत्रिक राहू शकत नाही.

भारतात हा प्रश्न प्रथम पत्त्याच्या बाजूने उभा राहिला. शासकीय अधिकारी कामकाजासाठी सर्रास खासगी परदेशी सेवा वापरतात आणि त्यांचे सर्व्हर देशाबाहेर आहेत, याविरुद्ध के. एन. गोविंदाचार्य यांनी २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आधार होता तो १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा. या कायद्याने संगणकातून निघालेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेखात धरली आहे आणि शासकीय कामाखेरीज पूर्वपरवानगीवाचून असा अभिलेख देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे. परदेशी सर्व्हरवर पत्र ठेवणे म्हणजे अभिलेख देशाबाहेर नेणेच नव्हे काय, हा याचिकेचा गाभा होता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी टेहळणीची कागदपत्रे उघड केली आणि या युक्तिवादाला निराळेच वजन आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाचे ई-मेल धोरण राजपत्रात अधिसूचित झाले. शासकीय पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एन.आय.सी.ची सेवाच वापरावी आणि शासकीय टपाल खासगी सेवेकडे वळवू नये, असे या धोरणाने बजावले.

या धोरणात सुरक्षेचा विचार आहे आणि अभिलेखांचा उल्लेख आहे. पत्र कोणत्या लिपीत लिहिता यावे, याचा विचार त्याच्या केंद्रस्थानी नाही. केंद्र शासनाच्याच १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे हिंदीत आलेल्या पत्राला हिंदीतच उत्तर देणे बंधनकारक आहे. एका आदेशाने ठरवलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या आदेशाने ठरवलेली लिपी पेलू शकते की नाही, हे कोणी पाहावयाचे? युनिकोड सर्वत्र रुळल्यानंतर हा पेच सैल झाला. पण तो रुळण्यापूर्वीची पंधरा वर्षे विचारात घेतली पाहिजेत, कारण अभ्यासकाच्या दृष्टीने खरी पडझड त्या वर्षांत झाली आहे.

इंटरनेटवरील ई-मेलचा मजकूर कसा असावा, याचे दंडक ऑगस्ट १९८२ मध्ये ठरले, ते सात बिटांच्या आस्की संचावर. त्यात १२८ संकेत आणि अक्षरे रोमन. जून १९९२ मध्ये नथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिच्यामुळे पत्रात कोणता अक्षरसंच वापरला आहे हे माथ्यावर जाहीर करून अन्य लिप्यांतला मजकूर आणि जोडपत्रे पाठवता येऊ लागली. देवनागरीसाठी भारतीय मानक ब्यूरोचा इस्की हा प्रमाणसंच १९९१ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. कागदावर सर्व तयारी झाली होती. पण विंडोजमध्ये देवनागरी प्रथम आली ती विंडोज २००० मध्ये. मधल्या काळात, भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केल्यावर, मराठी माणसाने ई-मेलमध्ये तीन उपाय केले. तो रोमन लिपीत मराठी लिहू लागला. किंवा श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत मजकूर टंकून तो तसाच धाडू लागला. किंवा सरळ इंग्रजीत लिहू लागला. विदेश संचार निगमच्या साध्या खात्यावर पाइनच्या काळ्या पडद्यासमोर बसणाऱ्यापुढे तर पहिला आणि तिसरा एवढेच पर्याय होते.

फाँटाच्या उपायाकडे थोडे थांबून पाहावे लागते. या फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असतो. त्या रोमन संकेतांना देवनागरी तुकड्यांचे चेहरे दिलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची चेहरे देण्याची रीत निराळी. म्हणून पत्राबरोबर फाँटाचे नाव पोचले तरच ते वाचता येते. सजावटीसह पाठवलेल्या एचटीएमएल पत्रात हे नाव जाते. साध्या मजकुराच्या पत्रात ते जात नाही. वर सांगितलेल्या विषाणूंच्या धसक्याने अनेक कार्यालयांनी पत्रे साध्या मजकुरातच पाठवावीत आणि वाचावीत असा नियम केला. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच होता. त्या नियमाने मराठी पत्राची किल्लीच काढून घेतली. आज अशा पत्राचा उलगडा करायचा तर कोणत्या फाँटात ते लिहिले असावे याचा अंदाज बांधून, एकेक रूपांतर-तक्ता लावून पाहावा लागतो. मोडी वाचकाला वळणावरून काळ ओळखावा लागतो, त्याच जातीचे हे काम आहे.

युनिकोड आल्यावरही सगळे सुरळीत झाले असे नाही. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात तीन बाइटांचे होते आणि त्यांतला पहिला बाइट सर्व देवनागरी अक्षरांत एकच असतो. पाश्चात्त्य संच गृहीत धरणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसतो. दुसऱ्या बाइटाच्या जागी व्यंजनांपाशी सामान्य चलनाचे चिन्ह उमटते, तर दीर्घ ईकार, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्यापाशी जपानी येनचे. अशा पानाकडे पाहून मजकूर मराठीच असावा हे अनुभवी माणूस ओळखतो आणि बाइट शाबूत असल्याने योग्य संच निवडला की पत्र जसेच्या तसे परत येते. याउलट ज्या पत्रात ओळीने प्रश्नचिन्हे दिसतात ते गेलेले असते. तेथे मधल्या कोणत्या तरी सॉफ्टवेअरने न ओळखलेले प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्हाने बदलून टाकलेले असते. हस्तलिखितांच्या परिभाषेत पहिला प्रकार भ्रष्ट पाठाचा, दुसरा त्रुटित पाठाचा. संपादक भ्रष्ट पाठ दुरुस्त करू शकतो. वाळवीने खाल्लेले पान त्याला भरून काढता येत नाही.

मराठीपुरता आणखी एक बारकावा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांत अध्यापक आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगर यांच्याइतके. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्यासह असलेला स्वतंत्र र वापरतात. दुसरीत साध्या रला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. अदृश्य चिन्हे निरुपयोगी वा संशयास्पद समजून गाळणारे एखादे सॉफ्टवेअर वाटेत भेटले, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि वाचणाऱ्याला पाठ बदलल्याची शंकाही येत नाही. प्रश्नचिन्ह निदान आपण प्रश्नचिन्ह असल्याचे सांगते.

साठवणुकीचा प्रश्न याहून कमी रंजक, पण अधिक निर्णायक आहे. युडोराने पत्रे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवली. आज कोणत्याही संगणकावर त्या उघडता येतात. मात्र त्याने जोडपत्रे वेगळी काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि पत्रात केवळ त्या कप्प्याचा पत्ता लिहिला. कप्पा हलला की अनुवादकाचे पत्र एकीकडे आणि त्याने जोडलेला अनुवाद दुसरीकडे. आउटलुकने सर्व काही एका बंदिस्त फाइलीत ठेवले. या फाइलीची रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ती बाहेरच्यांसाठी गूढच होती. शिवाय २००३ पूर्वीच्या आउटलुकची ही फाइल युनिकोड जाणत नव्हती आणि २ गिगाबाइटपलीकडे वाढू शकत नव्हती. विषयाची ओळ, पत्तापुस्तकातील नावे अशा जागी देवनागरी आली की तिची प्रश्नचिन्हे होण्याची शक्यता या फाइलीत मोठी. म्हणजे लिपीच्या बाजूने युडोराला दोष द्यावा आणि आउटलुकची बाजू घ्यावी, असे सरळ विधान करता येत नाही. आयमॅप आणि साध्या फाइली वापरणारी मुक्त सॉफ्टवेअर या दोन्ही कसोट्यांवर अधिक बरी उतरतात, असे मात्र नि:शंकपणे म्हणता येते.

ग्रंथालये या कामाला लागली आहेत. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह घेतला, त्यात सुमारे ४०,००० ई-मेल होते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचे संगणक मिळवून त्यांपैकी एकाची हुबेहूब प्रतिकृती २०१० मध्ये अभ्यासकांना वापरायला दिली. ही उदाहरणे नेहमी दिली जातात. त्यांतली एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. हे लेखक कोणाचे नोकर म्हणून ही पत्रे लिहीत नव्हते. त्यांचा संगणक त्यांचा होता, सॉफ्टवेअर त्यांनी निवडले होते आणि संग्रह देण्याचा अधिकारही त्यांचाच. नोकरदार लेखकाच्या बाबतीत यांतले काहीच खरे नसते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणात किमान वीस वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्ष आपला पत्ता ठेवता येईल आणि पुढे वेगळ्या डोमेनवर नवा पत्ता मिळेल, अशी तरतूद होती. पत्त्यासाठी निदान एवढी तरतूद झाली. ज्या महाविद्यालयांत आणि मंडळांत निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी खाते बंद होते, तेथे तेवढीही नाही.

देवनागरीसाठी परिस्थिती आता पुष्कळ निवळली आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये पत्ताही रोमनेतर लिपीत लिहिता यावा असे दंडक आले, २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे डोमेन मराठी व कोंकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी सुरू झाले आणि जयपूरच्या एका कंपनीने २०१६ मध्ये भारतीय लिप्यांतील पत्ते देण्यास आरंभ केला. पण देवनागरी पत्त्यावरचे पत्र दोन्ही टोकांच्या सर्व्हरांनी आणि सॉफ्टवेअरांनी हे दंडक मानले तरच पोचते. मान्य यादीतल्या एकाने जरी ते मानले नाहीत, तरी पत्र परत फिरते.

२०२३ मध्ये केंद्र शासनाच्या ई-मेल सेवेचे कंत्राट झोहो या भारतीय कंपनीला मिळाले आणि २०२५ पर्यंत केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या प्रणालीवर हलवण्यात आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. अशा स्थलांतरात सर्व्हरवर असलेली पत्रे जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी नेता येतात. १९९८ मध्ये किंवा २००४ मध्ये पॉपने उतरवून घेतलेली, त्या त्या वेळच्या मान्य सॉफ्टवेअरच्या फाइलीत राहिलेली पत्रे सर्व्हरवर नसतात. ती त्या अधिकाऱ्याच्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतात, आणि तो संगणक बहुधा निर्लेखित होऊन लिलावात गेलेला असतो.